तुसाच्या रेषांचं घर

घर बांधायला काढलं आहे हे चार माणसांना कळलं की पाचव्यापासून सल्ले सुरू होतात. यंदा चैत्र लागता लागता श्रीवर्धनात आमच्या जागेवर चिऱ्यांची पहिली गाडी रिकामी झाली, आणि दिवेलागणीपर्यंत मला कळून चुकलं की या गावात गवंड्यांपेक्षा गवंडीकाम जाणणारेच जास्त आहेत. पोस्टमन म्हणाला, न्हाणी उत्तरेला घ्या. दूधवाली म्हणाली, उत्तरेला घ्याल तर पस्तावाल. शेजारचे पेन्शनर अण्णा काठी टेकत आले आणि कौलांचा जमाना गेला, आता स्लॅब टाकायची, असं सांगून, चहा पिऊन गेले. त्यांच्या स्वतःच्या घरावर अजून जुनी नळ्यांची कौलं आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्याकडे घरभर पातेली मांडलेली असतात. आमचे हे सिमेंटच्या परमिटसाठी कचेरीत खेटे घालतायत, त्यामुळे सल्ल्यांचा सगळा मारा माझ्या एकटीवर आहे. घर पाहावं बांधून म्हणतात ते खरं, पण बांधून व्हायच्या आधी माणसं काय काय पाहायला लावतात ते त्या म्हणीत कुठे आलेलं नाही.

मी सगळ्यांना मान डोलावते. मनातून मात्र मी कोणाचंच ऐकत नाही, कारण घर कसं बांधावं ते मी एकदाच शिकले, परकर नेसायच्या वयात, आणि तेही शाळेत नव्हे. चिरा तासताना तांबडी भुकटी उडते ना, ती केसांत बसते, पापण्यांवर बसते, पाणी प्यायला गेलं की जिभेवर लागते. त्या भुकटीचा वास आला की मी इथे राहतच नाही. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झालेली, आमच्या गावाला अजून मोटारीचा रस्ता नव्हता, मुंबईचं माणूस आगबोटीनं यायचं आणि बोटीनंच जायचं, अशा एका उन्हाळ्यात मी जाऊन उभी राहते. तो आमच्या आईचा उन्हाळा होता.

त्याआधी आम्ही आत्याच्या पडवीत राहत होतो. आई, मी आणि धाकटा भाऊ. बाबा मुंबईला गोदीत, गाववाल्यांच्या खोलीवर. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती वाईट नव्हती हे आधीच सांगून टाकते. ती चांगली होती, हीच अडचण होती. वाईट माणसाच्या घरातून भांडून निघता येतं. चांगल्या माणसाच्या घरात तोंड मिटून राहावं लागतं. आत्या आम्हाला वाटी भरून कालवण द्यायची आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी विचारायची, "पुरलं का गो सरस्वते?" सरस्वती माझी आई. ती म्हणायची, "पुरलं, वन्सं." पुरलेलं नसायचं. भाद्रपदात गौरी आल्या की आत्याच्या माजघरात आत्याची गौर बसायची आणि आई तिच्यापुढे नैवेद्याचं पान वाढायला उभी राहायची. दुसऱ्याच्या घरात आपली गौर बसत नाही. आईनं हे कधी बोलून दाखवलं नाही, पण गौरी गेल्या की दोन दिवस ती आमच्याशीही नीट बोलायची नाही, आणि का ते आम्हाला कळायचं.

घराची जागा आईची होती. आजोबांनी तिला चोळीबांगडीसाठी म्हणून गावाच्या शेवटाला एक तुकडा दिलेला: आळीच्या टोकाला, वाळूचा, चार माड आणि एक म्हातारं उंडीचं झाड, आणि त्याच्या पलीकडे नुसती पुळण आणि समुद्र. दिवाळी झाल्यावर तिनं पहिलं काम केलं ते विहिरीचं. आम्ही विहिरीला बाव म्हणतो. लोक म्हणाले, अगं आधी घर तरी बांध, मग बाव. आईचं म्हणणं, भिंतीला पाणी लागतं, मेस्त्रीला लागतं, आणि पाणी खारं निघालं तर घर तरी कशाला बांधायचं? तिनं पहिली ओंजळ तोंडात धरली, गुळणी केल्यासारखी फिरवली आणि गिळली. तिचा चेहरा बघूनच आम्ही ओरडलो. तुम्ही घर बांधत असाल तर माझ्या आईच्या वतीनं सांगते, बाव आधी. नळ येणार आहे असं कचेरीत सांगतील. नळ येईल तेव्हा येईल.

शिमग्याला बाबा आले. आमच्याकडे मुंबईकर माणूस दिवाळीला एक वेळ चुकेल, शिमग्याला नाही. पालखी नाचवून खांदे लाल झालेले, आवाज बसलेला, आणि त्या बसलेल्या आवाजात त्यांनी पुळणीवर उभं राहून काठीनं घराची आखणी केली. ओटी समुद्राकडे. दार समुद्राकडे. ओटीवर बसलं की समोर नुसता समुद्र. दिवसभर गोदीतल्या अंधाऱ्या गुदामात गोण्या मोजणाऱ्या माणसाला काय पाहिजे असणार, ते आज मला कळतं. तेव्हा मला ते घर फार सुंदर वाटलं होतं. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. मुंबईला चाळीत एक खोली मिळते आहे. सगळ्यांनी तिकडेच यायचं हे खरं म्हणजे सोयीचं.

"मी शेवटच्या बोटीनं येतो," ते आईला म्हणाले. "तवर छप्पर चढलं तर ऱ्हावा हितं. न्हाय चढलं तर सामान बांधायचं, ही जागा देऊन टाकायची आणि मुंबैला चलायचं. आणखी एक पावसाळा ताईच्या पडवीत न्हाय."

शेवटची बोट म्हणजे पावसाळ्याआधीची. त्यानंतर समुद्र बंद. आई "व्हय" म्हणाली. तिचा हा "व्हय" मला आता पाठ आहे. त्याचा अर्थ ऐकलं असा असतो, मानलं असा नसतो.

बाबा गेले त्या आठवड्यात दगडू मेस्त्री पाया आखायला सुतळी घेऊन आला. आईनं त्याला परत पाठवलं. "अजून पंधरवड्यानं ये. मी आधी ऱ्हाऊन बघते."

"कुठं ऱ्हाऊन बघतेस? घर हाय कुठं?"

आई गिरणीवर गेली, भाताचं तूस पाटीत भरून आणलं, आणि बाबांनी काठीनं दाखवलं होतं तसं सगळं घर जमिनीवर तुसानं आखलं. ओटी, माजघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी. दारं होती तिथे रेष तोडली. स्वयंपाकघराच्या जागी तीन दगडांची चूल मांडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पातेली, पाटा, धाकट्याची गोधडी घेऊन त्या रेषांच्या घरात राहायला गेलो. रात्री निजायला आत्याकडे, पण उजाडल्यापासून मावळेपर्यंत आमचा संसार तुसात.

आळीला करमणूक झाली. बायका बावीवर येता येता वाकडी वाट करून बघायला यायच्या. आईचे कायदे कडक होते. रेष ओलांडायची नाही. भिंत आहे ती. न्हाणीतून ओटीवर यायचं तर माजघरातून फिरून यायचं. धाकटा एकदा सरळ भिंतीतून धावला तर त्याला धपाटा बसला. आत्या पहिल्यांदा आली ती तरातरा चालत थेट चुलीपाशी.

"वन्सं, दारातनं या," आई म्हणाली.

"कुठल्या दारातनं?"

"त्ये काय तिकडं. तुम्ही भिंतीतनं आलात."

आत्यानं खाली पाहिलं. तुसाची रेष तिच्या पायांनी विस्कटली होती. मला वाटलं आता ती तिथेच काहीतरी तोडून बोलणार. पण ती मागे गेली, वळसा घालून दाराशी आली आणि उभी राहिली. आई तिला म्हणाली, "या, बसा." इतक्या वर्षांत आईनं आत्याला पहिल्यांदा "या" म्हटलं.

तुसाचं काही खरं नसतं. कोंबड्या उकरतात, वारा नेतो. आईनं मग रेषांवर झावळ्या उभ्या रोवल्या आणि कूड केले, पुरुषभर उंच, दारं तेवढी मोकळी. आता ते घर जरा घरासारखं वागायला लागलं, आणि त्याचे गुण दिसायला लागले. दुपार कलली की आमच्याकडे खारा वारा सुटतो. तो ओटीवरून पुढच्या दारानं आत शिरायचा, माजघरातून सरळ चुलीवर, आणि पुळणीची सगळी वाळू भातात. पहिल्या दिवशी आम्ही हसलो. चौथ्या दिवशी धाकटा जेवेना. बावीचं पाणी आणायचं तर कळशी कमरेवर घेऊन ओटीवरून जावं लागे, म्हणजे पुढे बाप्यामाणसं बसली की प्रत्येक खेपेला पदर सावरायचा. मावळतीचं ऊन ओटी भाजून काढायचं. समुद्र बघायला बसायची ती जागा, तिथे पाय ठेववत नव्हता. बाबांच्या सुंदर घरात राहताच येत नव्हतं.

आपण घर डोक्यात बांधतो तेव्हा त्यात बसलेले असतो, पाय पसरून. घरात बाई बसलेली नसते, ती चालत असते. चुलीपासून बावीपर्यंत, बावीपासून न्हाणीपर्यंत, पाळण्यापर्यंत आणि परत चुलीपर्यंत. कागदावर चालता येत नाही. म्हणून यंदा मी आमच्या ह्यांना म्हटलं, इंजिनिअरचा नकाशा राहू दे जरा बाजूला, आठ दिवस मला जागेवर चालू दे. ते हसले. मग एका रविवारी मी त्यांना चुन्याच्या रेषांमध्ये दिवसभर पाणी भरायला लावलं. आता नकाशा बदलला आहे.

तर आईनं घर फिरवलं. झावळ्या उपटल्या, नवं तूस आणलं आणि सगळं घर उलटं करून मांडलं: तोंड आळीकडे, उगवतीला, पाठ समुद्राला. समुद्राच्या अंगाला जाड भिंत, खाली वाकून आलेलं छप्पर आणि हात जाईल एवढी एक खिडकी. बाव उजव्या हाताला, स्वयंपाकघराचं दार तिच्याकडे उघडणारं. त्या रेषांमध्ये ती दोन दिवस राहिली आणि तिसऱ्या दिवशी तिनं दगडू मेस्त्रीला बोलावलं.

दगडू मेस्त्री हा ओरडल्याशिवाय न बोलणारा माणूस. आपल्यासारखा मेस्त्री बाणकोटापर्यंत नाही असं तो स्वतःच सांगायचा. तो जागेवर आला, रेषा बघितल्या आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"ह्ये असं न्हाय सांगितलं व्हतं त्यानं. शिमग्याला मी हुबा व्हतो हितं. दार समिंदराकडं सांगितलंन."

"मी आळीकडं सांगत्ये."

"आणि तो आला म्हंजे?"

"आला म्हंजे मी हाय."

"बाय, नवऱ्याचं घर असं फिरवत न्हाय कोन!"

"जागा माझ्या बापानं दिलीय," आई म्हणाली. आवाज अजिबात न चढवता. "नि त्यात रांधायचं मला हाय. तू जोतं घाल. नायतर हरेश्वराकडचा मेस्त्री आणत्ये."

हरेश्वराकडच्या मेस्त्रीचं नाव काढल्यावर दगडूनं सुतळी बाहेर काढली.

पुढे मोठी झाल्यावर मी एकदा दिवेआगरपर्यंत सगळ्या आळ्यांतून चालत गेले तेव्हा पाहिलं, तिथली सगळी जुनी घरं अशीच आहेत. तोंड रस्त्याकडे, मागे माड-पोफळीची वाडी, वाडीच्या मागे केवडा आणि मग समुद्र. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर पोट असलेल्या माणसांनी त्याच्याकडे पाठ करून घरं बांधली. त्यात राग नाही. सासऱ्यासमोर सून जशी तोंड फिरवून उभी राहते, तसा त्यात मान आहे आणि सावधपणाही. बाबांना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांना एवढ्या वर्षांनी समुद्र डोळे भरून पाहायचा होता, आणि त्या भरात ते जे आळीतल्या पोरालाही ठाऊक होतं ते विसरले. मुंबईला राहून समुद्र आवडायला लागतो. गावात राहून तो कळतो.

मग काम सुरू झालं आणि त्या कामाची मला अजून नशा आहे. डोंगरातल्या खाणीतून चिरे यायचे, बैलगाड्या वाळूत रुतायच्या आणि आम्ही पोरं चाकाला रेटा द्यायचो. शिंपल्यांची भट्टी लागायची आणि तिच्या धुरानं डोळ्यांतून पाणी काढत आम्ही चुना विझताना फसफसायची मजा बघायचो. खाडीच्या चिखलात आईनं बाव खणली तेव्हाच माडाचे सोट आणि आंब्याचं आढं पुरून ठेवलं होतं, खाऱ्या पाण्यात मुरलेल्या लाकडाला कीड शिवत नाही म्हणून. ते बाहेर काढलं तेव्हा असा वास सुटला की दगडू मेस्त्रीनं नाकाला पंचा बांधला, आणि आई त्या काळ्या लाकडावरून हात फिरवत होती. ते आढं आजही तसंच आहे. आमच्या नव्या घरासाठी परवा सिमेंटच्या गोण्या आल्या, शहाण्या, कोरड्या, बिनवासाच्या. मी एक गोणी हुंगून पाहिली आणि हे माझ्याकडे बघतच राहिले.

मेस्त्रीशी कसं वागावं हेही आईनंच शिकवलं. सकाळी भांडावं, दुपारी जेवू घालावं. भरल्या पोटावर भांडलं तर माणूस मनाला लावून घेतो. भिंत चुकली तर त्याच दिवशी सांगावी. वाळल्यावर सांगितलेली चूक कोणी पाडत नाही. आणि चौकट बसवताना डोक्यावर झावळ्यांचा भारा घेऊन आपण स्वतः त्यातून जाऊन बघावं. ती गेली होती. भारा अडकला. चौकट रुंद झाली.

वैशाख अर्धा झाला. भिंती उभ्या, आढं चढलं, वासे बसले, पोफळी चिरून केलेल्या रिपा ठोकून झाल्या. आता फक्त कौलं. मंगलोरी कौलांचं गलबत खालून, दक्षिणेकडून यायचं होतं. आमच्याबरोबर गावातल्या आणखी दोघांची कौलं त्यावर होती. आम्ही पोरं रोज उंडीवर चढून शीड शोधायचो. शिडं दिसायची, ती पुढे निघून जायची. मग एक दिवस बंदरावरून निरोप आला, वारा फिरला म्हणून गलबत खालीच अडकलं आहे, आता पाऊस संपल्याशिवाय निघत नाही. पश्चिमेला ढगांची काळी किनार दिसायला लागली होती. शेवटची बोट तोंडावर आली होती.

आई त्या दुपारी उघड्या वाशांखाली बसली. उन्हाच्या पट्ट्या तिच्या अंगावर पडल्या होत्या. ती रडली नाही, पण मी रडले. मला मुंबईची खोली दिसायला लागली. मी तिला विचारलं, "आता आपण जायचं का गो?" तिनं माझ्याकडे बघितलं आणि वर बघितलं.

"छप्पर म्हणाले ना त्ये? कौलं कुठं म्हणाले?"

उठली आणि घरोघर गेली. जिनं आयुष्यात कुणाकडे वाटीभर मीठ मागितलं नव्हतं ती दारोदार झावळ्या मागत फिरली. वाळलेल्या, पडलेल्या, जळणाला ठेवलेल्या, असतील त्या. कुणी नाही म्हटलं नाही, नुसतं "कशाला?" विचारलं. "झापं विणायला." दुसऱ्या दिवशी आमच्या बावीच्या बाजूला झावळ्यांचा डोंगर झाला. त्या खाडीत भिजत घातल्या, पात्या मऊ पडल्या, मधोमध चिरल्या, आणि आई एकटीच विणायला बसली. झाप म्हणजे छपरावर घालायची झावळ्यांची चटई, ती विणायची म्हणजे पातं पात्यात घालत, पायाच्या अंगठ्यानं दाबत पुढे सरकायचं. एकटीच्या हातानं छप्पर व्हायला पावसाळा निघून जाईल, हे आम्हालाही दिसत होतं.

आत्या दुपारी आली. दारातून आली. आईचं झाप उचलून तिनं उन्हाला धरलं.

"ह्ये काय विणलंस? ह्यातनं आभाळ दिसतंय." आणि तिच्या समोर फतकल घालून बसली. "सर तिकडं. विणायचं कसं त्ये माझ्या आजीनं मला शिकवलंय, तुला न्हाय." मग मान वळवून आळीकडे तोंड करून ओरडली. आत्याची हाक म्हणजे होडी बोलावायची हाक. "काय गो, बघत काय हुब्या ऱ्हायल्यात? माझ्या भावाच्या घरावर छप्पर न्हाय नि तुम्ही काय सुपाऱ्या सोलताय?"

त्या हाकेनं आळी आली. कोळीणबाई आली, मुलाण्याची सून आली, सुपारीच्या बागांत राबणाऱ्या बायका काम टाकून आल्या. आमच्या ओटीवर, माजघरात, अंगणात बायकांच्या रांगा बसल्या, झापं सरकत होती, हातांपेक्षा तोंडं जास्त चालत होती. त्या गर्दीत मला पहिल्यांदा कळलं की हे घर झालं आहे. अजून वर छप्पर नव्हतं, खाली जमीन नव्हती, पण बायका खोल्यांना नावानं हाका मारत होत्या. "माजघरातलं झाप आण गो." आई सगळ्यांना पाणी देत फिरत होती, आणि जिच्याकडे जाईल तिला म्हणत होती, "घ्या. बसा. घ्या." उभ्या जन्मात म्हणायचं राहिलेलं ती सगळं त्या दोन दिवसांत म्हणून घेत होती.

दगडूनं झापं चढवली, अर्थात ओरडत. छप्पर चढत गेलं तसा आत सावली उतरत गेली. आधी ओटी काळोखली, मग माजघर, मग चूल. ऊन इतके महिने अंगावर घेतलेल्या त्या जमिनीवर पहिल्यांदा गारवा आला, आणि आम्ही पोरं त्या गारव्यात पालथी पडून राहिलो. मग बायकांनी जमीन चोपली. ओली माती, हातात चोपणी, गुडघे टेकून ओळीनं, गात गात, आत्या सगळ्यात पुढे. शेणानं सारवून झाल्यावर त्या जमिनीला जो वास होता तो मी कोणत्याही अत्तराशी बदलणार नाही. पावसाळा संपल्यावर कौलं आली, लाल, देखणी, पाच पिढ्या टिकणारी. पण आमचं घर खरं झालं ते झापांखाली.

शेवटची बोट बाहेर उभी राहिली तेव्हा वारा सुटला होता. छपराच्या समुद्राकडच्या उतारावर झापं बांधायला दोर कमी पडला होता आणि वाऱ्याबरोबर ती बाजू उचलल्यासारखी होत होती. दगडू वर बसून काथ्याच्या दोरासाठी ओरडत होता आणि पोरं दोर शोधायला आळीभर पांगली होती. बाबा बोटीवरून लहान पडावानं किनाऱ्याला उतरले. सवयीनं ते आत्याच्या घरी गेले. तिथे पडवी झाडलेली, रिकामी. आत्या दारात उभी.

"हितं तुझं कोन न्हाय ऱ्हात," ती म्हणाली. "फुडं जा."

ते आळीच्या टोकाला आले. डोक्यावर ट्रंक, खांद्याला गोदीतल्या दोरांचं जाड वेटोळं. मी ओटीच्या पायरीवर होते. ते अंगणात थांबले. त्यांनी छपराकडे बघितलं. कौलं नव्हती. त्यांनी ओटीकडे बघितलं, मग वळून आळीकडे, मग पुन्हा ओटीकडे, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडताना मला दिसल्या. आई आतून येऊन दारात उभी राहिली. तिच्या हातात भाताचा कालथा होता आणि ती बाजूला सरली नाही.

"समिंदर कुठं गेला?" बाबांनी विचारलं.

"हाय की. ऐकू येतोय." आई म्हणाली. "बावीवर पाय धुवायला जावा. तिथनं दिसतो."

बाबांनी ट्रंक ओटीवर ठेवली. ते बावीवर गेले, पाणी ओढलं, पाय धुतले आणि तिथे उभे राहून बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले. मग ते पोहऱ्यातलं पाणी प्यायले. पुन्हा ओढलं आणि पुन्हा प्यायले. घराला वळसा घालून त्यांनी समुद्राकडची जाड भिंत हातानं थोपटली. खारा वारा त्या भिंतीवर आपटत होता आणि भिंतीच्या आड चुलीचा धूर सरळ वर चढत होता. तेवढ्यात वरून दगडू ओरडला, "अरं, बघतोस काय! छप्पर चाललं! दोर दे!"

बाबांनी खांद्यावरच्या वेटोळ्याकडे बघितलं. ते दोर त्यांनी कशासाठी आणले होते ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी वेटोळं तसंच खांद्यावर ठेवून धोतर खोचलं आणि शिडी चढून वर गेले. गोदीतली गाठ काय असते ते आळीनं त्या दिवशी पाहिलं. त्यांनी तो सगळा उतार आढ्यापासून वळचणीपर्यंत आवळून बांधला, दोन्ही अंगांनी ओढून ओढून, दोराचं टोक संपेपर्यंत. खाली बायका जमल्या होत्या. आत्या कमरेवर हात ठेवून मान वर करून बघत होती. ते उतरले तेव्हा हात सोललेले आणि तोंडावर झापांची कुसळं.

"सगळा दोर वर घालवलास," आत्या म्हणाली. "आता सामान कशानं बांधशील?"

"कुठलं सामान?" बाबा म्हणाले, आणि जेवायला आत गेले.